जुन्या ट्रकचा वायपर आणि त्याचा स्विच



आज बी-बियाण्याचं सोडून मोटारीच्या तारांबद्दल बोलणार आहे. शेती अधिकाऱ्यानं हे कशाला, असं कुणी म्हणेल. पण माल पिकवला की काम संपत नाही, तो बाजारात वेळेवर उतरावा लागतो, हे आपण जाणताच.

२०२३ सालच्या आषाढात ओतूरकडच्या काही शेतकऱ्यांनी मिळून घेतलेल्या जुन्या ट्रकमधून मी कल्याणच्या बाजाराला निघालो होतो. मागं कोथिंबिरीच्या जुड्या. माळशेज घाटात धुकं आणि पाऊस एकदमच आला. ट्रकचा मूळ स्विच तुटला होता, म्हणून एका मिस्त्रीनं घरातल्या दिव्याचा साधा स्विच बसवून दिला होता. बंद केला की वायपर काचेच्या मधोमध उभा राहायचा, म्हणून चालक काडी खाली येण्याची वेळ साधून बटण दाबायचा. घाटात जळका वास आला आणि काडी डोळ्यांसमोरच थांबली. "साहेब, गावात तर चालत होता," चालक म्हणाला. काचेवर तंबाखू चोळून पाहिली. त्यानं पाणी थोडा वेळ पसरतं, पण घाट काही उतरता येत नाही. उजाडेपर्यंत कडेला थांबलो. कल्याणला पोचलो तेव्हा लिलाव आटोपला होता आणि जुड्या वाफाळून पिवळ्या पडल्या होत्या.

पुढं एका ऑटो इलेक्ट्रिशियनजवळ दोन दिवस बसून मी हे समजून घेतलं. तेवढंच सांगतो.

आधी ध्यानात घ्या, दोष दरवेळी स्विचचाच नसतो. काड्यांचे सांधे गंजून जाम झाले की मोटर जास्त करंट ओढते आणि त्या भारानं स्विच जळतो. नवा बसवलात तरी तोही जळेल. म्हणून सांधे साफ करून तेल-ग्रीस द्या. वायपर चालवून पाहताना काच ओली करा. मग अर्थ पाहा. मोटरच्या धातूच्या अंगापासून बॅटरीच्या मायनसपर्यंत एक सुटी तार लावा. वायपर जोरात चालू लागला, तर रोग अर्थमध्ये आहे. बोल्टाखालचा गंज आणि रंग खरवडून काढा, बस्स.

आता स्विचचं मर्म. बंद केल्यावर वायपर आपोआप खाली जाऊन थांबतो, तो कसा? मोटरच्या गिअरमध्ये एक फिरती चकती असते. तुम्ही स्विच बंद केलात तरी काडी खाली येईपर्यंत ही चकती मोटरला दुसऱ्या वाटेनं करंट देत राहते. काडी जागेवर आली की ती वाट तुटते आणि तीच तार अर्थला जोडली जाते. त्यानं मोटरला ब्रेक लागतो. म्हणजे स्विचला बंद स्थितीतही काम असतं. साधं चालू-बंद बटण ते करू शकत नाही.

पुष्कळ मोटरींवर आकडे असतात. ३१ म्हणजे अर्थ. ५३ म्हणजे हळू गती. ५३ बी म्हणजे जलद गती. ५३ ए म्हणजे फ्यूजमधून येणारा करंट. आणि ५३ ई ही थांबण्याच्या चकतीची तार. आकडे नसतील तर तारांच्या रंगावर विसंबू नका. जुन्या गाडीत किती हात फिरलेले असतात! तिथं इलेक्ट्रिशियनकडून तारा ओळखून घ्या, करंट लावून शोधत बसू नका.

मूळ जातीचा स्विच मिळाला तर तोच घ्या. दोन्ही गती हव्या असतील तर दुसरा मार्ग धरूच नये. तो मिळाला नाही आणि एका गतीवर भागणार असेल, तर गाडीसाठी बनवलेला टू-वे स्विच घ्या. जिन्यातला दिवा वरून-खालून लावतात ना, त्या धर्तीचा. मात्र घरातला नको. घरातला करंट आणि बॅटरीचा करंट वेगळे. बॅटरीच्या करंटवर त्यात ठिणगी लांबते आणि पत्त्या जळतात. आमच्या कोथिंबिरीचं तेच झालं. मध्ये तटस्थ जागा असलेला स्विचही नको, काडी पुन्हा मध्येच थांबेल.

जोडणी अशी. स्विचच्या मधल्या पिनला मोटरची ५३. एका बाजूच्या पिनला फ्यूजमधून आलेला करंट. दुसऱ्या बाजूला ५३ ई. आणि ५३ ए ला फ्यूजमधून थेट तार, स्विचला न लावता. ५३ बी चं टोक टेप गुंडाळून सुटं ठेवा. ५३ आणि ५३ ई एकत्र पिळून साध्या बटणावर घेण्याची युक्ती काही जण करतात. तसं केलं की काडी खाली येताक्षणी करंट सरळ अर्थला जातो आणि फ्यूज उडतो. मग कुणीतरी फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी घालतो. त्या चांदीनं अख्खी केबिन पेटू शकते. जितक्या अँपिअरचा फ्यूज मूळचा, तितक्याचाच घाला.

काम सुरू करण्याआधी बॅटरीचं बॉडीकडे जाणारं टोक काढा, आणि शेवटी तेच लावा. जुन्या तारा सोडण्यापूर्वी प्रत्येकीला चिठ्ठी बांधा. नवी तार जुनीइतकीच जाड असू द्या. पत्र्यातल्या भोकातून जाते तिथं रबर घाला, नाहीतर हादऱ्यानं सोलपटून निघते.

व्होल्टही पाहा. मोठ्या ट्रकमध्ये बहुधा १२-१२ च्या दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट असतात, जीप-पिकअपमध्ये १२. बारा व्होल्टची मोटर चोविसावर लावली तर जळते, चोविसाची बारावर रांगते. दोन बॅटऱ्यांच्या मधून बारा व्होल्ट काढू नका. टेपसाठी असं करतात, आणि मग एक बॅटरी कायम रिकामी, दुसरी कायम उकळलेली.

जोडून झालं की काच ओली करा, काडी मध्यावर असताना मुद्दाम बंद करा. खाली जाऊन थांबली पाहिजे. असं पाच-सहा वेळा पाहा, नंतर दहा मिनिटं चालवून स्विचला हात लावा. कोमट चालेल, चटका बसता कामा नये.

नीट चालणारा, शक्तीवर फिरणारा वायपर असणं केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या १०१ व्या नियमानं सक्तीचंच आहे. पण आरटीओसाठी नव्हे, घाटासाठी हे करून घ्या, आणि मृग लागण्याआधी. पाऊस सुरू झाला की इलेक्ट्रिशियनच्या दारात रांग असते.

रबराच्या पट्ट्या मात्र दर पावसाळ्याला नव्या घ्या. उन्हात वर्षभर त्या कडक होतात. रामराम.