म्हातारीची साक्ष

पत्रिकेत माझा विषय ‘नगर प्रशासन आणि मानवी हक्क’ असा छापलाय. मी मात्र तुम्हाला नेणार आहे ते नगरपालिकाच नसलेल्या तालुक्यात. उत्तर कन्नडातलं जोयडा. पूर्वी तालुक्याचं नाव सुपा होतं. काळी नदीवर धरण झालं, सुपा गाव पाण्याखाली गेलं आणि तिथली बरीच माणसं रामनगरला येऊन वसली. उरलेला बराचसा तालुका म्हणजे जंगल, त्यात काळी व्याघ्र प्रकल्प, आणि त्या जंगलात चार घरं इथं, सहा घरं तिथं अशा विखुरलेल्या वाड्या. इथल्या माणसाला सरकार भेटतं ते ग्रामपंचायतीत: एक पीडीओ, म्हणजे पंचायत विकास अधिकारी, एक शिक्का आणि वर्षातून काही वेळा भरणारी ग्रामसभा.

पत्रिकेतल्या या विषयावर दक्षिण कोरियातलं ग्वांगजू शहर २०११ पासून मानवी हक्कांच्या शहरांचा जागतिक मेळावा भरवतं. १९८० मध्ये लष्कराच्या गोळ्या झेललेलं शहर आहे ते, त्याला तो मान शोभतो. पण त्या मेळाव्याचे जाहीरनामे वाचताना माझ्या मनात येतं, की हक्क शेवटी कुणीतरी कागदावर लिहून घ्यावा लागतो. कोण लिहितं, कुणाचं ऐकून आणि कुठल्या भाषेत?

जोयड्याच्या कुणब्यांचंच बघा. २००३ साली केंद्राच्या एकाच कायद्याने गोव्यातले कुणबी, गावडा, वेळीप अनुसूचित जमातींच्या यादीत आले. त्याच कायद्याने उत्तर कन्नडातले सिद्दीही आले. जोयड्याचा कुणबी दोन्हीकडून सुटला. घाटाखालच्या गोव्यात त्याचे सोयरे आदिवासी, वर हा ‘इतर’. मागणी जुनी आहे, अजून चालूच आहे.

याचा हिशेब वनहक्क कायद्यात लागतो. २००६ च्या या कायद्यात आदिवासीने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन कसत असल्याचं दाखवलं की पुरतं. ‘इतर पारंपरिक वननिवासी’ म्हटला की तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षं जंगलातलं वास्तव्य दाखवायचं. २००५ पासून मागे मोजत जा, १९३० येतं. तेव्हा हा मुलूख मुंबई इलाख्यात होता. जंगलात कुमरी, म्हणजे झाडोरा जाळून फिरती शेती, करणाऱ्याला सातबारा कोण देत होतं? कुमरीवर सरकारची वक्रदृष्टीच होती. पोट भरण्याचा गुन्हा करणारा माणूस त्याची पावती कुठून आणणार!

पण कायदा लिहिणारे अगदीच निष्ठुर नव्हते. नियमांत पुराव्यांची यादी आहे. त्यात गॅझेटियर आहे, आणि १८८३ च्या कानडा, म्हणजे आजच्या उत्तर कन्नड, जिल्ह्याच्या खंडात कुणब्यांची माहिती आहेच. घर, बांध, विहीर, स्मशान हेही चालतं. आणि चालते म्हाताऱ्या माणसांची साक्ष, लिहून घेतलेली. अट एवढीच, की साक्षीदार स्वतः दावेदार नसावा. एकापेक्षा जास्त पुरावे लागतात, पण अमुकच कागद आणा असा हट्ट दावे तपासणाऱ्या वरच्या समितीला धरता येत नाही.

मला या साक्षीचं फार वाटतं. १९३० पाहिलेलं माणूस आज कुठं शोधणार? आज पंचाऐंशीची असलेली आजी सांगेल ती तिच्या सासूकडून ऐकलेली गोष्ट. ती गेली की तो पुरावाही गेला. दफ्तरातली फाईल दहा वर्षं पडून राहू शकते, म्हातारी नाही.

मग पंचायतीनं करायचं काय? कर्नाटकात आदिवासी क्षेत्रांसाठीची संविधानाची पाचवी अनुसूची लागू नाही, त्यामुळे तिथल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याचा आधार गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावासारखा इथं मिळत नाही. मेंढ्याने २००९ मध्ये मिळवलेला सामूहिक वनहक्क मात्र याच वनहक्क कायद्यातला, तो इथंही चालतो. या कायद्याखालच्या ग्रामसभेत गणपूर्तीला सभासदांपैकी निम्मे लागतात, हजर असलेल्यांत एक तृतीयांश बायका. श्रावणात ओढे भरलेले असताना पंचायतीच्या गावी सभा ठेवली, तर निम्मे कुठून येणार? सभा वाडीपर्यंत न्यावी लागते. पायवाटेनं, छत्री घेऊन.

भाषेचंही तसंच. घरात कुणबी कोंकणी, शाळेत आधी मराठी नि मग कन्नड, आणि कागद कन्नड. संविधानाचं कलम ३५० म्हणतं, की संघात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत कुणालाही कुठल्याही अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणं मांडता येतं. बेळगावच्या आपल्या सीमावादाच्या भांडणात हे कलम आपण हिरिरीनं काढतो. जोयड्याच्या आजीसाठी कधी काढलंय? मी तरी काढलं नाही, हे कबूल करतो.

डोळ्यांसमोर आणा. सारवलेली ओटी, बाहेर पाऊस. वनहक्क समितीतली दहावी शिकलेली मुलगी आजीचं बोलणं कन्नडात उतरवते आहे. शेजाऱ्याचा आजा कुठल्या झाडाखाली पेरत होता, बांध कुणी घातला, कुठल्या साली वाघरानं गाय नेली. पीडीओ खुर्ची नको म्हणून पायरीवर बसलाय. अंगठा घ्यायच्या आधी ती मुलगी सगळं आजीच्या बोलीत परत वाचून दाखवते. आजी मध्येच हात वर करते.

“आंबो न्हय गे, पणस.”

मुलगी शब्द खोडते. पीडीओ खाडाखोडीवर सही करतो.