तेलांतील न दिसणारी धूळ
(नभोवाणीवरून झालेलें भाषण)



वाशीम जिल्ह्याच्या मालेगांव तालुक्यांत, नागपुराहून मुंबईकडे जाणाऱ्या जुन्या हमरस्त्यावर, किन्हीराजा हें गांव आहे. भोंवतालीं काळी जमीन. खरिपांत सोयाबीन व तूर, आणि सोयाबीन निघालें कीं त्याच रानांत हरभरा. या दोन पिकांच्या मधले दिवस मोजकेच असतात. मळणीयंत्राभोंवतीं भुशाचा व मातीचा लोट उठतो, माणसें तोंडाला उपरणें बांधतात, घरीं येऊन हातपाय धुतात. परंतु त्याच लोटांत उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या पोटांतील तेलाला उपरणें कोण बांधतो? प्रश्न थट्टेचा वाटेल. पण ऐन पेरणीच्या तोंडावर अवजार उचलणारे यंत्राचे हात लुळे पडले, म्हणजे हा प्रश्न घरच्या वर्षभराच्या भाकरीचा आहे हें ध्यानांत येतें.

ट्रॅक्टरचे हे हात तेलाच्या बळावर चालतात. पंप तेलाला हवेच्या दाबाच्या दीडशें ते दोनशें पट दाबानें पुढें रेटतो, आणि तें तेल दट्ट्याला ढकलून जड नांगर अलगद वर उचलतें. कारखान्यांतील दाबयंत्रें, माल चढविणाऱ्या याऱ्या, रस्त्यासाठीं डोंगर पोखरणारीं यंत्रें, या सर्वांचें मर्म हेंच. येथें तेलाला दोन कामें करावीं लागतात : बळ वाहून न्यावयाचें आणि जातां जातां धातूला वंगणहि द्यावयाचें. पंपाच्या व झडपांच्या भागांमधील फट पुष्कळ ठिकाणीं ५ ते १० मायक्रॉन, तर कोठें त्याहूनहि कमी असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस सुमारें ७० मायक्रॉन जाड असतो, आणि ४० मायक्रॉनहून लहान कण नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीं. म्हणजे जी धूळ दिसते ती त्या फटींत शिरूं शकत नाहीं, आणि जी शिरते ती दिसत नाहीं. बाटलींत तेल धरून ‘स्वच्छ आहे’ असें म्हणण्याला म्हणूनच कांहीं अर्थ नाहीं. फटीच्या मापाचा एक कण धातूला घासून नवे कण पाडतो, ते आणखी कण पाडतात. सावकाराच्या चक्रवाढ व्याजासारखी ही घाण वाढत जाते.

तेल शुद्ध करण्याच्या रीती ऐकल्या तर गृहिणींना त्या ओळखीच्या वाटतील. पहिली निवळण्याची. गढूळ पाणी रांजणांत स्थिर ठेवावें, तसें तेल टाकींत स्वस्थ राहिलें कीं पाणी व जड गाळ तळाशीं बसतो आणि खालच्या तोटीनें काढतां येतो. दुसरी घुसळण्याची. स्वीडनमधील गुस्ताफ द लाव्हाल यानें १८७८ मध्यें दुधापासून साय वेगळी करणारें फिरतें यंत्र सिद्ध केलें; त्याच तत्त्वावर आज जहाजांतील व वीजघरांतील तेलांतून पाणी आणि गाळ वेगळा काढतात. तिसरी लोहचुंबकाची. पुष्कळ ट्रॅक्टरांत दांतेरी चक्रांना व उचल-यंत्रणेला एकच तेल असतें. चक्रांची झीज होऊन निघालेला लोखंडाचा कीस चुंबक धरून ठेवतो. चौथी, आणि सर्वांत प्रचलित, गाळण्याची. आरंभीच्या मोटारींत तेलाला जाळीपलीकडे संरक्षण नव्हतें. अमेरिकेंत अर्नेस्ट स्वीटलँड यानें १९२३ च्या सुमारास ‘प्युरोलेटर’ नांवाचें गाळण पुढें आणलें, तेव्हांपासून मोटारीच्या तेलाला खरें गाळण लाभलें.

परंतु गाळणें सारखींच नसतात. दोन फिल्टरांवर ‘१० मायक्रॉन’ असें एकच लिहिलेलें असेल. पैकीं एक त्या मापाच्या दर दोन कणांतील एक सोडून देईल, तर दुसरें दोनशेंतील एकच निसटूं देईल. पहिल्याचा बीटा अंक २, दुसऱ्याचा २००. विकत घेतांना विचारावयाचा तो हा अंक. तेलाच्या शुद्धतेचेंहि माप ठरलेलें आहे. आंतरराष्ट्रीय मानक ४४०६ प्रमाणें प्रयोगशाळा १८/१६/१३ असे तीन आंकडे देते. त्यांचा अर्थ असा कीं, एका मिलिलिटर तेलांत ४ मायक्रॉनहून मोठे कण १,३०० ते २,५००, ६ हून मोठे ३२० ते ६४०, आणि १४ हून मोठे ४० ते ८० आहेत. आंकडा एकानें वाढला कीं कण दुपटीनें वाढले असें समजावें.

आतां फिल्टरची एक खोड सांगितली पाहिजे. पुष्कळ फिल्टरांना बगलेची एक झडप असते. गाळण तुंबलें, अथवा थंडीनें तेल घट्ट झालें, म्हणजे यंत्र उपाशी राहूं नये म्हणून ती उघडते आणि तेल न गाळतांच पुढें जातें. यंत्र चालत राहतें, धनी निर्धास्त असतो, आणि राखणदार मात्र केव्हांच दारावरून उठून गेलेला असतो. नेमल्या तासांनीं फिल्टर बदलण्याचा आग्रह धरावयाचा तो याचसाठीं; त्यांत वाचविलेले पैसे पुढें पंपाच्या किंमतीनें मोजावे लागतात.

तथापि शिरलेली घाण काढण्यापेक्षां ती शिरूं न देणें केव्हांहि स्वस्त. तेल खालींवर होतांना टाकी श्वास घेते. तिच्या श्वासाच्या झांकणावरील गाळणी मळणीनंतर अवश्य पाहावी. नवें तेल शुद्धच असतें हा समजहि खोटा. पिंपांतील कोरें तेल नाजूक यंत्राला लागणाऱ्या शुद्धतेचें पुष्कळदां नसतें, म्हणून तेंहि गाळूनच भरावें. पिंप उघड्यावर उभें ठेवलें तर झांकणावर पावसाचें पाणी सांचतें, आणि दिवसा तापून रात्रीं निवणारें पिंप तें पाणी बुचाच्या आट्यांतून आंत ओढून घेतें. असें तेल पुढें यंत्रांत घुसळून दुधासारखें पांढरट होतें. पिंप छपराखालीं ठेवावें; तें शक्य नसेल तर आडवें करून दोन्हीं बुचें घड्याळांतील ९ व ३ या आंकड्यांच्या रेषेंत येतील असें लावावें, म्हणजे बुचें आंतून तेलाखालीं राहतात. आणि नरसाळें व डबा धुवून, झांकून ठेवावा.

फडक्यानें पाणी गाळून घेतल्याविना घागर न भरण्याची शिस्त खेड्यांतील घराघरांत होती. जंतु कोणाला दिसत नव्हते. तरी फडकें रोज धुतलें जाई, आणि घागरीवर झांकण असे. किन्हीराजाच्या रानांत आश्विनांत जो ट्रॅक्टर उभा असतो, त्याच्या तेलाला हवी ती हीच शिस्त. गाळण हा शेवटचा राखणदार. पहिला राखणदार म्हणजे झांकण उघडण्यापूर्वीं त्याभोंवतालची धूळ पुसणारा माणसाचा हात.