वहीच आपला सातबारा

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत बँक सखीने केलेले मनोगत)



परवा एक ताई शाखेत मला म्हणाल्या, "घर मालकांच्या नावावर, शेत सासऱ्यांच्या. मग बँक मला कशाच्या जोरावर कर्ज देणार?"

त्याचं उत्तर आपल्या दप्तरात आहे. 1992 साली नाबार्डनं बचत गट बँकांना जोडायला सुरुवात केली, ती गटाच्या शिस्तीवर विश्वास ठेवून. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि लिहिलेला हिशेब ही पंचसूत्री म्हणजेच आपला सातबारा.

आपल्या अभियानातल्या गटाला 10 लाखांपर्यंतच्या कर्जासाठी तारण लागत नाही. त्यासाठी गटाची बचत अडकवता येत नाही, की वेगळी ठेव मागता येत नाही. तरी कुणी मागितलीच, तर भांडू नका आणि माघारीही फिरू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. नाकारला तर कारण लेखी मागा. तो आपला हक्क आहे.

आता हिशेब बघा. सावकाराकडून शेकडा तीन रुपयांनी 50,000 काढले, तर महिन्याला 1,500 नुसतं व्याज. वर्षाला 18,000 गेले, मुद्दल तसंच! बँकेचा दर वर्षाला 12 टक्के धरला, तर पहिल्या महिन्याचं व्याज 500 रुपये, आणि हप्ता भरत गेलं की तेही उतरतं.

पण स्वस्त कर्जसुद्धा फेडावंच लागतं. ते लग्नात किंवा मोटारसायकलीत गेलं, की हप्त्यासाठी पुन्हा मजुरी. तेच शेवयांच्या मशीनला लावलं, मालाला गिऱ्हाईक आधी बघून ठेवलं, तर मशीनच हप्ता फेडतं. उन्हाळ्यात काम वाढलं की हाताखाली दोघी लागतात. त्या दोघींना गावातच रोज मिळतो. रोजगार म्हणतात तो असाच उभा राहतो, बायांनो.

धंदा एकटीनं वाढवायचा असेल तर मुद्रा कर्ज आहे. शिशु 50,000 पर्यंत, किशोर त्यापुढे 5 लाखांपर्यंत. त्यालाही तारण नाही.

शेवटचं सांगते. तुमच्या नावचं कर्ज घरात कुणीही वापरलं, तरी हप्त्याचा फोन तुम्हालाच येतो. म्हणून सही करण्याआधी विचारा, पैसे कशात जाणार आणि हप्ता कशातून येणार? उत्तर मिळाल्याशिवाय पेन उचलू नका.