औषध ओसरतें, परिणाम उरतो

कझाकस्तानचा वजन उचलणारा मल्ल इल्या इलिन यानें २००८ सालीं बीजिंग येथें व २०१२ सालीं लंडन येथें ऑलिंपिकचें सुवर्णपदक जिंकलें. त्या वेळच्या तपासणींत त्याच्यावर कांहींच ठपका आला नाहीं. पुढें जपून ठेवलेले तेच नमुने नव्या पद्धतीनें तपासले, तेव्हां दोन्ही वेळच्या नमुन्यांत स्टॅनोझोलॉल या स्नायुवर्धक स्टेरॉइडाच्या खुणा सांपडल्या, आणि २०१६ सालीं दोन्ही पदकें गेलीं. असलें औषध शरीरांत टिकतें तरी किती दिवस, असा प्रश्न श्रोत्यांच्या मनांत साहजिकच येईल. त्याचीं उत्तरें तीन आहेत.

पहिलें उत्तर रक्तापुरतें. टेस्टोस्टेरॉन हें पुरुषदेहांत स्वभावतःच निर्माण होणारें द्रव्य. १९३५ सालीं अ‍ॅम्स्टरडॅम येथें तें बैलाच्या वृषणांतून शुद्ध रूपांत वेगळें करण्यांत आलें, व त्याच वर्षीं बूटेनांट आणि रुझिच्का यांनीं तें कृत्रिम रीतीनेंही सिद्ध केलें. परंतु निर्भेळ टेस्टोस्टेरॉन रक्तांत फार वेळ राहत नाहीं. यकृत त्याचा लवकरच निकाल लावतें. म्हणून रसायनशास्त्रज्ञांनीं त्याला आम्लाची शेपटी जोडली व तें तेलांत विरघळवून स्नायूंत टोचण्याची युक्ति काढली. शेपटी लांब असली, म्हणजे औषध तेलाच्या सांठ्यांतून सावकाश पाझरतें. प्रोपिओनेट सुमारें १ दिवसांत निम्म्यावर येतें. एनॅन्थेटाला साडेचार दिवस लागतात. एरंडेलांतील अंडेकॅनोएटाला सुमारें ३४. निम्म्याचें निम्में असें पांच वेळां झालें, कीं शेंकडा ३ भाग उरतो. या हिशेबानें एनॅन्थेट २३ दिवसांत ओसरतें, तर अंडेकॅनोएटाला साडेपांच महिने लागतात.

दुसरें उत्तर खुणांचें. यकृतानें औषधाचें रूप पालटलें, तरी त्याचे अवशेष मूत्रावाटे बाहेर पडतच असतात. नॅन्ड्रोलोन डेकॅनोएटाचे अवशेष टोचल्यानंतर वर्षाहूनही अधिक काळ आढळलेले आहेत. औषधाचा जोर संपला, तरी त्याची साक्ष संपत नाहीं.

तिसरें उत्तर सर्वांत महत्त्वाचें, आणि तेंच कोणी विचारीत नाहीं. बाहेरून भरपूर पुरवठा होऊं लागला, कीं मेंदूच्या तळाशीं असलेली पीयूषिका ग्रंथि वृषणांना आज्ञा देणें थांबविते. तेथील काम मंदावतें, वीर्यांतील शुक्राणु घटतात. औषध बंद केल्यावर हें काम पूर्ववत् सुरू होण्यास कित्येक महिने, कधीं वर्षाहून अधिक काळ लागतो. बाहेरचें द्रव्य सरलें आणि घरचें अद्याप सुरू नाहीं, अशा मधल्या काळांत तरुण गळून जातो. उदासीनता येते, कामेच्छा मावळते. मग तो पुन्हां त्याच सुईकडे वळतो आणि चक्र नव्यानें सुरू होतें. स्त्रियांच्या बाबतींत तर एकदां जाड झालेला आवाज पुष्कळदां जन्मभर तसाच राहतो.

ज्यांच्या शरीरांत हें द्रव्य मुळांतच कमी बनतें, त्यांना वैद्य रक्त तपासून मोजक्या मात्रेंत तें देतात. तेथें तें उपकारकच आहे. पण निरोगी तरुण दिनदर्शिकेवर दिवस मोजून निर्धास्त होतो, तेव्हां तो मोजतो तो केवळ औषधाचा काळ. शरीराचा काळ त्याच्या हिशेबांत आलेलाच नसतो.