मैत्रीण गावाहून आली, तिला काय विचाराल?

(कोपरखैरणे, नवी मुंबई येथे गटांच्या हळदीकुंकू मेळाव्यात केलेले भाषण)

तिळगूळ घ्या, गोड बोला, हे आपण रथसप्तमीपर्यंत म्हणत राहणार. आज मला थोडं विचारण्याबद्दल बोलायचंय.

आमच्या कोपरखैरणे-घणसोलीत सातारा, सांगलीकडची खूप घरं आहेत. वाशीच्या बाजारात ओझी उचलणाऱ्या माथाडींची घरं. नाताळची सुट्टी लागली की बाया पोरं घेऊन गावी जातात, जानेवारीत परत येतात. मग जिन्यात गाठ पडते.

"कधी आलीस?" "परवा."
"काय आणलंस?" "शेंगा आणल्यात, पोरीला पाठव."
"बरी हाईस ना?" "बरी हाय."

झाली विचारपूस! तुमच्या गावातही असंच होतं ना? माहेरवाशीण येऊन गेली, तिनं काय आणलं ते कळलं. ती कशी आहे ते राहिलं.

एका बाईचं सांगते. नाव सांगत नाही, तुम्हीही शोधू नका. पावसाळ्यात तिचा नवरा वारला. डिसेंबरात ती पोरांना घेऊन सासरी गेली. परत आली, सगळ्यांना शेंगा वाटल्या. पण गटाच्या बैठकीला आली नाही. बचतीचे पैसे शेजारणीबरोबर पाठवले. पैसे आले म्हणून हजेरीच्या रकान्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

गटातली एक मैत्रीण मात्र बैठकीच्या दुसऱ्या दिवशी तिच्या घरी गेली. समोर मेथी होती, ती निवडायला बसली. "बरी हाईस ना" विचारलंच नाही. म्हणाली, "गावी कुणी काही बोललं का तुला? कसला कागद पुढं केला का?" आणि गप्प बसली.

बऱ्याच वेळानं ती बोलली. दिरानं हक्कसोडपत्र तयार ठेवलं होतं. "सही कर, तुला काही कमी पडू देणार नाही. नाही केलीस तर हे घर बंद." संक्रांत झाली की रजिस्टर ऑफिसला जायचं ठरवलं होतं. आणि इथं हळदीकुंकवाची बोलणी चाललेली. आपण गेलो तर बाया अवघडतील, म्हणून ती बैठकीलाही आली नाही.

बायांनो, हे नीट ऐका. नवरा मृत्युपत्र न करता गेला, तर 1956 च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे त्याच्या हिश्श्यात बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई यांचा सारखा वाटा असतो. हे वारस असताना दिराचा त्यात वाटा नाही. इतर धर्मांचे नियम वेगळे, ते विचारून घ्या. मृत्यूचा दाखला घेऊन तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज करता येतो. हक्कसोडपत्र एकदा नोंदवलं की मागे फिरणं फार अवघड. म्हणून वाचल्याशिवाय सही नाही. वकील परवडत नाही म्हणू नका. 1987 च्या कायद्याने बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागता येतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. फोन नंबर 15100.

तिनं दिराला फोनवर एवढंच सांगितलं, "भाऊजी, कागद वाचून घेते, मग बोलू." पुढचं सोपं नाही. पण आता ती एकटी नाही.

राहिलं हळदीकुंकू. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात शासनानं सगळ्या ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितलं. आपल्या गटाला त्यासाठी कुठला जीआर लागत नाही. पहिलं बोलावणं तिच्या घरी द्या, आणि ते स्वतः जाऊन द्या.

या आठवड्यात प्रत्येकीनं एक करा. गावाहून आलेल्या एका मैत्रिणीकडे बैठक नसलेल्या दिवशी जा. एकटीच जा. हातात तिचंच काही काम घ्या. झोप लागते का, पैशाची ओढाताण आहे का, कुणी सही मागितली का, असं नेमकं विचारा. मग थांबा. ती जे सांगेल ते नळावर न्यायचं नाही. गटात मांडायचं असेल तर आधी तिला विचारा.

आणि सचिव ताईंनो, बचत आली पण बाई आली नाही, असं वहीत दिसलं की त्याच दिवशी तिचं दार वाजवा.