प्रवासातील आरोग्य आणि आपली सामुदायिक जबाबदारी
(धम्मसहलीपूर्वी मंडळाच्या सभासदांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज प्रवासातील आरोग्य या विषयावर बोलण्यासाठी आम्हांस उभे केले आहे. आम्ही डॉक्टर नाही. शिक्षण कला शाखेचे, नोकरी बँकेतील कारकुनाची. आमची लायकी एवढीच, की मंडळाच्या सहलींची वर्गणी गोळा करणे, तिकिटे काढणे आणि माणसे मोजून गाडीत बसवणे ही कामे बरीच वर्षे आमच्याकडे आहेत. या कामात आमच्या हातून एक चूक झाली. ती चूक सांगितल्याशिवाय उपदेश करण्याचा अधिकार आम्हांस नाही, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

सन २०१८ च्या डिसेंबरात आपण ४१ जण बोधगया, सारनाथ, कुशीनगर, लुंबिनी अशा यात्रेस निघालो होतो. आपल्यातीलच एक मावशी सोबत होत्या. सहा वर्षे भिशीत पैसे टाकून त्यांनी या सहलीसाठी रक्कम जमवली होती. मावशींना मधुमेह आणि रक्तदाबाचा त्रास. सारनाथहून कुशीनगरला जाण्यासाठी पहाटे पाच वाजता बस सुटली. अंतर २०० कि.मी.हून अधिक, त्यात दाट धुके. पुढचे काही दिसेना. चालकाला आम्हीच सांगितले, "आता मध्ये थांबू नका, उशीर होतोय." पुरुषमंडळी चहाच्या टपरीवर, रस्त्याच्या कडेला कुठेही उतरत होती. बायका मात्र उतरल्या नाहीत. उतरणार कुठे? आडोसा नाही, संडास नाही.

मावशींनी आदल्या रात्रीपासून पाणी पिणेच बंद केले होते. मागचे दोन दिवसही त्या जेमतेम घोटभर पाण्यावर होत्या. दुपारी त्यांना हुडहुडी भरून ताप आला. संध्याकाळी त्या असंबद्ध बोलू लागल्या. रात्री दवाखान्यात नेले तेव्हा तेथील डॉक्टरांनी विचारले, "यांनी शेवटचं पाणी कधी प्यायलं?" आम्हांपैकी एकालाही उत्तर देता आले नाही. लघवीच्या मार्गाचा जंतुसंसर्ग, शरीरातील पाणी कमी झालेले आणि रक्तातील साखर फार वाढलेली, असे निदान झाले. गोळ्यांचे विचारले तर गोळ्या होत्या, पण मोठ्या बॅगेत. आणि ती बॅग बसच्या डिकीत, सर्वांच्या बॅगांच्या तळाशी.

बंधू-भगिनींनो, त्याच्या चारच दिवस आधी राजगीरला जीवकाच्या आम्रवनापाशी उभे राहून आम्ही सर्वांना या थोर वैद्याची माहिती सांगितली होती. तथागतांवर आणि भिक्खूसंघावर उपचार करणारा जीवक, त्याचे ज्ञान, त्याची सेवा, सगळे सांगितले. आणि त्या वेळी मावशींच्या गोळ्या डिकीत होत्या!

मावशी बऱ्या झाल्या. पण तीन दिवस त्या दवाखान्यात राहिल्या आणि बाकीची मंडळी लुंबिनी पाहून आली. आम्ही खाटेशेजारी बसलो असताना त्या म्हणाल्या, "भाऊ, बस थांबवा म्हणायची लाज वाटली. चाळीस माणसं माझ्या एकटीसाठी खोळंबायची." हे वाक्य आजही आमच्या मनातून जात नाही. मावशींना आजारी पाडले ते जंतूंनी खरे, पण जंतूंना वाट करून दिली ती त्यांच्या संकोचाने आणि आमच्या बेफिकिरीने.

विनयपिटकातील चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. कोसल देशात दोन भिक्खू वाटेने चालले होते. एकाने दुसऱ्याला त्याच्या गैरवर्तनाबद्दल टोकले, त्याचा दुसऱ्याच्या मनात राग राहिला. पुढे पहिल्याला तहान लागली. त्याच्याकडे पाणी गाळण्याचे वस्त्र नव्हते, म्हणून त्याने सोबत्याकडे मागितले. सोबत्याने रागापोटी दिले नाही आणि तो भिक्खू तहानेने मेला. हे कळल्यावर भगवंतांनी नियम घालून दिला. वाटेत कोणी गाळणे मागितले तर ते नाकारायचे नाही, आणि गाळण्यावाचून प्रवासाला निघायचे नाही. भिक्खूच्या आठ परिष्कारांत चीवर आणि भिक्षापात्राबरोबर पाणी गाळण्याचे साधनही आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या प्रसंगात आजच्या विषयाचे सार आले. प्रवासात स्वतःची तयारी हवीच, पण सोबत्याची तहान ही आपलीही जबाबदारी आहे.

आता व्यवहाराच्या गोष्टींकडे वळू.

पहिली गोष्ट पाण्याची. दिवसभर थोडे थोडे पाणी पीत राहावे. थंडीत तहान लागत नाही म्हणून शरीराला पाणी नको असते असे नाही. लघवी गडद पिवळी होऊ लागली की पाणी कमी पडते आहे असे समजावे. लघवी तुंबवून ठेवल्याने जंतू वाढतात. स्त्रियांना, वयस्कर माणसांना आणि मधुमेहींना हा धोका अधिक. पाणी उकळलेले प्यावे. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट उकळले तरी पुरते. बाटली विकत घेतली तर झाकणाचे सील आधी तपासावे. बर्फ घातलेले सरबत आणि उघड्यावर कापून ठेवलेली फळे यांना लांबूनच नमस्कार करावा.

दुसरी गोष्ट जुलाबाची. प्रवासात पोट बिघडणे नेहमीचे, परंतु जीवावर बेतते ते शरीरातील पाणी आणि क्षार निघून गेल्याने. १९७१ साली बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामात लाखो निर्वासित भारतात आले. बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली आणि शिरेतून द्यायचे सलाईन अपुरे पडू लागले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ते पिण्यास देण्याची व्यवस्था केली. नातेवाईकांनीच पेल्यापेल्याने ते रुग्णांना पाजले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्याही खाली आले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले. आज तीच संजीवनी ओआरएसच्या पुडीत अल्प दरात मिळते. प्रत्येकाने चार-पाच पुड्या जवळ ठेवाव्यात आणि पुडीवर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात ती कालवावी. पुडी नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. मीठ जास्त होऊ देऊ नये. शौचातून रक्त पडले, जोराचा ताप आला, लघवी होईनाशी झाली किंवा माणूस सुस्त पडला, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता डॉक्टर गाठावा. "मागच्या वेळी मला या गोळीने बरं वाटलं" म्हणून आपली गोळी दुसऱ्याला देऊ नये.

तिसरी गोष्ट औषधांची. रोजच्या गोळ्या हातातल्या पिशवीत, आणि सहलीच्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्त पुरतील इतक्या घ्याव्यात. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवावी आणि तीत औषधाचे मूळ नाव लिहून घ्यावे, कारण परगावी आपल्या कंपनीची गोळी मिळेलच असे नाही. इन्शुलिन उन्हात किंवा बसच्या इंजिनाजवळ ठेवू नये. मधुमेहींनी गोळी किंवा इन्शुलिन घेतले आणि जेवणाला उशीर झाला, तर साखर एकदम खाली येते. घाम सुटतो, हातपाय थरथरतात, माणूस भांबावतो. अशा वेळी तीन-चार चमचे साखर पाण्यातून लगेच द्यावी. शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नये. बोधगयेच्या महाविहारात पादत्राणे बाहेर ठेवावी लागतात. मधुमेहींनी जाड मोजे घालावेत आणि रात्री तळपाय नीट पाहावेत. पायाला जखम झाल्याचे त्यांना पुष्कळदा कळतच नाही.

चौथी गोष्ट बसण्याची. मुंबईहून गयेपर्यंत रेल्वेचा प्रवास तीस तासांच्या आसपास, त्यापुढे बस. चार तासांहून अधिक काळ एकाच जागी बसून राहिल्यास पायाच्या शिरांत रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात दिसून आले आहे. दर दोन तासांनी उठून चालावे, बसल्या जागी घोटे फिरवावेत. एकाच पायाला सूज येऊन पोटरी दुखू लागली किंवा एकाएकी दम लागला, तर ते थकव्यावर ढकलू नये.

पाचवी गोष्ट थंडीची. डिसेंबर-जानेवारीत बिहार आणि उत्तर प्रदेशात आपल्याला सवय नाही अशी थंडी असते. कानटोपी, स्वेटर, मोजे हवेतच. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, खोलीची दारे-खिडक्या लावून आत कोळशाची शेगडी पेटवून कधीही झोपू नये. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, रंग नसतो. झोपलेला माणूस उठतच नाही.

खाण्याविषयी थोडक्यात सांगतो. दशम्या, सुकी चटणी, फुटाणे, चिवडा ही आपली शिदोरी पहिल्या दोन दिवसांना उत्तम. पुढे जे गरम, डोळ्यांसमोर शिजलेले असेल तेच खावे. जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत. ही सवय २०२० च्या कोरोनाने आपल्याला लावली, ती साथीबरोबर जाऊ देऊ नये.

मदतीचे क्रमांकही लिहून घ्या. रेल्वेत कोणी आजारी पडल्यास १३९, देशात कुठेही आणीबाणीस ११२, आणि सीमेपलीकडे नेपाळात रुग्णवाहिकेसाठी १०२.

आता एका नाजूक मुद्द्याकडे येतो. तब्येत बरी नसतानाही सहलीला यायचेच, असा हट्ट धरणारे काहीजण आम्हांस सांगतात, "बाबासाहेब आजारी असताना काठमांडूला गेलेच ना?" खरे आहे. १९५६ च्या नोव्हेंबरात प्रकृती खालावलेली असतानाही ते जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले. त्यांनाही मधुमेह होता. पण एक गोष्ट आपण विसरतो. त्यांच्या सोबत माईसाहेब होत्या आणि त्या स्वतः डॉक्टर होत्या. बाबासाहेबांची जिद्द जरूर घ्यावी, पण दुखणे लपवण्याला जिद्द म्हणू नये. नाव नोंदवताना जो आजार असेल तो स्पष्ट सांगा. तो सांगितल्याने कोणाचे नाव कापले जाणार नाही. उलट त्याची आसनव्यवस्था, जेवणाची वेळ, चढण टाळण्याची सोय आधीच करता येईल. राजगीरला शांतिस्तूपापर्यंत रोपवे आहे. त्यात बसून गेलेला माणूस कमी प्रतीचा उपासक ठरत नाही!

बँकेत आम्ही रोज पाहतो. खात्यातून नुसते काढतच राहिले आणि भरणा केला नाही, की एक दिवस धनादेश परत येतो. प्रवासात आपण शरीराच्या खात्यातून झोप, पाणी, ताकद काढतच असतो. भरणा रोजच्या रोज व्हायला हवा.

म्हणून मंडळापुढे आम्ही चार सूचना ठेवतो. बस दर दोन तासांनी थांबेल, कोणी मागो वा न मागो, आणि शक्यतो जिथे स्त्रियांसाठी स्वच्छ संडास आहे अशाच पेट्रोल पंपावर किंवा ढाब्यावर. हे चालकाशी आधीच ठरवून लेखी घ्यावे. दुसरे, दर दहा माणसांमागे एक स्त्री आणि एक पुरुष अशी जोडी नेमावी. त्यांनी रोज सकाळ-संध्याकाळ प्रत्येकाला गोळी घेतली का, पाणी प्यायलात का, हे विचारावे. तिसरे, प्रत्येकाच्या गळ्यात एक कार्ड असावे, त्यावर नाव, आजार, औषधे आणि घरचा फोन. चौथे, धुक्यात पहाटे बस काढायची नाही. एक स्थळ कमी पाहू, पण माणसे जितकी नेली तितकी परत आणू.

यापैकी पहिल्या सूचनेला खर्च शून्य आहे. तीच आम्ही २०१८ साली पाळली असती, तर एका माऊलीची सहा वर्षांची भिशी दवाखान्याच्या खाटेवर संपली नसती.

त्या मावशी आज या सभागृहात बसल्या आहेत. त्यांना विचारूनच आम्ही हे सारे सांगितले. येत्या डिसेंबरच्या सहलीसाठी त्यांनी पुन्हा नाव नोंदवले आहे. त्यांची लुंबिनी राहिली आहे. चालकामागचे पहिले आसन आम्ही त्यांच्यासाठी राखून ठेवले आहे. बस कुठे थांबवायची हे या वेळी त्या सांगतील आणि बाकीचे चाळीस जण आनंदाने खोळंबतील, अशी आपण सर्वांनी आज खात्री द्यावी, एवढीच विनंती करतो आणि आपली रजा घेतो.

नमो बुद्धाय! जयभीम!