रोगाचे ज्ञान आणि अपंगांचा हक्क
(धाराशिव येथे उपासक-उपासिकांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



डिसेंबर महिना उजाडला की आपणां सर्वांचे लक्ष सहा तारखेकडे लागते. चैत्यभूमीस जाण्याची तयारी, भाकऱ्यांची शिदोरी, गाडीची वेळ, या धांदलीत त्याच आठवड्यातील दुसऱ्या दोन तारखा आपल्या नजरेतून निसटून जातात. १ डिसेंबर हा जागतिक एड्स दिन होय. तो १९८८ पासून पाळला जातो. ३ डिसेंबर हा जागतिक अपंग दिन. तो १९९२ पासून पाळला जातो. पहिल्या दिवशी शाळा-कॉलेजांतील मुले छातीवर लाल फीत लावून फेरी काढतात, घोषणा देतात, भिंतीवर फलक लावतात. तिसऱ्या दिवशी अपंगांना सभेत बोलावून त्यांच्या गळ्यात हार घालतात. दोहोंमध्ये अंतर एका दिवसाचे. परंतु पहिल्या दिवशीच्या घोषणा बहिऱ्यास ऐकू गेल्या नाहीत, भिंतीवरचा फलक आंधळ्यास दिसला नाही, ज्याचे पाय अधू तो फेरीपर्यंत पोहोचलाच नाही. आणि तिसऱ्या दिवशीच्या भाषणांत एचआयव्ही हा शब्द कोणी उच्चारीत नाही. आज मला जे सांगावयाचे आहे ते या एका दिवसाच्या अंतराविषयी आहे.

विषय ऐकून काहींस संकोच वाटेल. मायबहिणी बसल्या आहेत, मुले बसली आहेत, त्यांच्यापुढे असल्या रोगाची चर्चा कशाला, असे मनात येईल. त्यांना मी १९३४ सालची एक गोष्ट सांगतो. रघुनाथ धोंडो कर्वे हे मुंबईत 'समाजस्वास्थ्य' नावाचे मासिक चालवीत. १९२७ साली ते निघाले. स्त्रीपुरुषसंबंध, संततिनियमन आणि गुप्तरोग यांविषयी वाचकांनी विचारलेल्या शंकांची उत्तरे कर्वे उघडपणे देत. त्याबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्या खटल्यात कर्व्यांची बाजू मांडण्यास जे वकील उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते अश्लील ठरत नाही, आणि लोकांनी शंका विचारल्या तर त्यांचे निरसन करणे हा गुन्हा नव्हे, असा तो बचाव होता. कर्व्यांना दंड झाला. खटला हरला, परंतु बाबासाहेबांनी तो विषय सोडला नाही. १९३८ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाच्या सोयी सरकारने कराव्यात असा ठराव त्यांच्या पक्षातर्फे आला आणि श्री. रोहम यांनी तो मांडला. तोही नामंजूर झाला. तेव्हा ज्यास या विषयाची लाज वाटत असेल त्याने ती लाज बाबासाहेबांच्या नावावर खपवू नये.

आता मूळ मुद्दा. एचआयव्ही हा एक विषाणू आहे. तो माणसाच्या शरीरातील रोगाशी लढणारी शक्ती हळूहळू खाऊन टाकतो, आणि ती अगदी क्षीण झाली म्हणजे जी अवस्था येते तिला एड्स म्हणतात. तो चार वाटांनी येतो. निरोध न वापरता झालेला लैंगिक संबंध, दूषित रक्त, दुसऱ्याने वापरलेली सुई, आणि आईकडून मुलाकडे गर्भात, बाळंतपणात किंवा अंगावरील दुधातून. एका ताटात जेवल्याने, एका पेल्याने पाणी प्याल्याने, हातात हात घेतल्याने किंवा डास चावल्याने तो येत नाही. आपल्या देशात १९८६ साली मद्रासला तो प्रथम आढळला. आज भारतात सुमारे २५ लाख माणसे हा विषाणू अंगात घेऊन जगत आहेत, आणि सर्व राज्यांत त्यांची संख्या महाराष्ट्रात सर्वाधिक आहे. १ एप्रिल २००४ पासून सरकारने यावरील औषध फुकट देण्यास आरंभ केला. २०१७ पासून तर तपासणीत विषाणू सापडला की लगेच औषध सुरू करावे असे धोरण आहे. औषधाने विषाणू समूळ जात नाही. परंतु रोज न चुकता घेतले तर मनुष्य पूर्ण आयुष्य जगतो, आणि रक्तातील विषाणू तपासणीत दिसणार नाही इतका खाली दबून राहिला तर लैंगिक संबंधातून तो दुसऱ्यास लागत नाही. औषध न घेणाऱ्या शंभर मातांपैकी १५ ते ४५ जणींच्या मुलांना तो जडतो. औषध घेतले तर हे प्रमाण ५ च्या आत आणता येते. हे सारे आपल्यापैकी अनेकांनी कोठे ना कोठे ऐकले असेल. प्रश्न ज्यांनी ऐकले नाही त्यांचा आहे.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक अपंग मोजले गेले. आपल्या जिल्ह्यात तर ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे उमरगा आणि लोहारा भागावर जो भूकंप कोसळला, त्यात वाचलेल्यांपैकी कितीतरी जण कायमचे अधू झाले. हा आपला जिल्हा दुष्काळाचा. पाऊस चुकला की कोयता घेऊन माणसे उसाच्या फडावर जातात, सहा-सहा महिने खोपटात राहतात. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर नळदुर्ग-उमरग्याकडून रात्रंदिवस मालमोटारी धावतात. जेथे माणसे घरापासून दूर राहतात तेथे हा विषाणू वाट काढतो, हे सरकारलाही ठाऊक आहे. म्हणून स्थलांतरित मजूर आणि मोटारचालक यांच्यासाठी निराळे कार्यक्रम चालतात. परंतु त्या मजुराच्या घरी मागे राहिलेली मुकी बायको, आंधळा भाऊ, कमरेखाली लुळी झालेली बहीण, यांना कोणत्या कार्यक्रमात धरले आहे?

धरलेले नाही, कारण समाजाने मनात एक गोष्ट पक्की ठरवून टाकली आहे. अपंगास कामवासना नसते, त्याचा संसार व्हावयाचा नाही, मग त्याला ही माहिती काय करावयाची? ही समजूत खोटी आहे. अपंग माणसे लग्ने करतात, प्रेम करतात, मुलेबाळे वाढवतात. आणि ज्या मुलीस ओरडता येत नाही, ज्या मुलीस समोरचा मनुष्य कोण हे दिसत नाही, तिच्यावर हात टाकणे नराधमास सोपे वाटते, हेही आपण खेड्यात राहणारे लोक जाणतो, मात्र बोलत नाही. माहितीची गरज तिला इतरांहून कमी नाही, अधिक आहे.

एक हकीकत सांगतो. गाव याच जिल्ह्यातले आहे; नाव सांगणार नाही, कारण सांगितले तर मीच कायदा मोडीन. एक जन्मतः मूकबधिर मुलगी ऊसतोडीस जाणाऱ्या तरुणाला दिली. ती शाळेत कधी गेली नाही, तिची खुणांची भाषा म्हणजे घरातल्या घरात बनलेली वीस-पंचवीस खुणांची भाषा. गरोदरपणी सर्वच बायकांची होते तशी तिची रक्ततपासणी झाली आणि एचआयव्ही सापडला. तपासणी करणाऱ्या माणसाने सांगितले कोणाला? बरोबर आलेल्या सासूला. सासूने घरी येऊन सुनेस खूण केली: रक्त अशक्त आहे, गोळी खा. सून बिचारी आज्ञाधारक, तिने बाळंतपणापर्यंत गोळी खाल्ली. मुलगा झाला, अंगात बळ आले, आणि रक्त सुधारले असे समजून तिने गोळी सोडून दिली. हे आयुष्यभराचे औषध आहे हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. दीड वर्षाने ती अंथरुणाला खिळली तेव्हा आमच्यापर्यंत बातमी आली.

मी तिच्यापुढे बसून हातवारे केले, ओठ हलवले, काही उपयोग झाला नाही. शेवटी शेजारच्या गावची एक मूकबधिर बाई आणली. ती मूकबधिरांच्या शाळेत शिकलेली होती. तिने सासूला बाहेर बसविले, कोळसा घेतला आणि फरशीवर एका बाईचे चित्र काढले. बाईच्या पोटात बारीक ठिपके काढले, मग गोळी काढली, सूर्य काढला, चंद्र काढला, पुन्हा सूर्य, पुन्हा चंद्र, असे फरशी संपेपर्यंत काढीत गेली. गोळी थांबली की ठिपके वाढतात हे दाखविले. अर्ध्या तासात त्या मुलीस सर्व समजले. तिने कोळसा हिसकावून घेतला आणि स्वतः एक लहान मूल काढून त्याच्या पोटावर बोट ठेवले. माझ्या मुलाचे काय, हा तिचा पहिला प्रश्न होता. दीड वर्ष ती तो विचारू शकली नव्हती. मुलाची तपासणी करविली. तो निर्दोष निघाला.

यात सासूला मी दोष देत नाही. ती अडाणी होती, घाबरली होती. दोष त्या व्यवस्थेचा, जिने रुग्ण समोर असता दुसऱ्याशी बोलणे पसंत केले. आंधळ्या माणसाबाबतही हेच होते. निरोधाचे पाकीट, त्यावरील मुदतीची तारीख, औषधाच्या बाटलीवरील नाव, तपासणीचा कागद, यांतील एकही गोष्ट तो दुसऱ्याच्या डोळ्यांवाचून वाचू शकत नाही. आणि जो वाचून दाखवितो त्याच्या हाती त्याचे गुपित जाते. १०९७ हा सरकारचा फुकट दूरध्वनी आहे, त्यावर एचआयव्हीविषयी काहीही विचारता येते. आंधळ्यास तो फार उपयोगी, त्याने तो जरूर वापरावा. बहिऱ्याच्या कानी त्याचे काय मोल? आणि परंड्याच्या किंवा उमरग्याच्या टोकाच्या खेड्यातून कुबड्या घेऊन दरमहा औषधासाठी प्रवास करणे म्हणजे काय, हे एकदा त्या माणसाबरोबर एस.टी.त चढून पाहावे.

कायदा मात्र याबाबतीत आपल्या बाजूचा आहे, आणि आपण कायद्याचे महत्त्व जाणणारे लोक आहोत. एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा २०१७ साली झाला व १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. त्यात संमतीची व्याख्या केली आहे. संमती घेण्यापूर्वी माहिती द्यावयाची ती त्या व्यक्तीस समजेल अशा भाषेत आणि समजेल अशा रीतीने, असे त्यात स्पष्ट आहे. 'अशा रीतीने' या दोन शब्दांत कोळशाचे चित्रही येते, खुणांची भाषाही येते. संमतीवाचून एचआयव्हीची तपासणी करू नये, आणि कोणाची स्थिती तिच्या संमतीवाचून दुसऱ्यास उघड करू नये, हाच सर्वसाधारण नियम. नोकरी, शाळा, दवाखाना, भाड्याचे घर यांत भेदभाव करण्यास मनाई आहे. तक्रार ऐकण्यास राज्याने लोकपाल नेमावा, अशीही तरतूद आहे. दुसरा कायदा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा, २०१६ चा; तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याच्या कलम १० मध्ये प्रजनन व कुटुंबनियोजनाविषयीची माहिती अपंगांस मिळण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे, आणि कलम २५ मध्ये दवाखान्यात अडथळ्यावाचून प्रवेश, तपासणीत अग्रक्रम आणि विशेषतः अपंग स्त्रियांची लैंगिक व प्रजननविषयक आरोग्यसेवा यांचा उल्लेख आहे. खुणांच्या भाषेसाठी २०१५ साली दिल्लीत एक केंद्रही निघाले. दिल्लीहून ती भाषा भूम-वाशीपर्यंत केव्हा येईल, ते आपल्या मागणीच्या आवाजावर अवलंबून आहे.

काही बांधव म्हणतील, हा रोग दुराचाराचे फळ आहे. तिसरे शील मोडले त्याने भोगावे. मी त्यांना विचारतो, त्या मुक्या मुलीने कोणते शील मोडले? रोगास पापाचे फळ म्हणणे ही जुन्या घरातून चुकून बरोबर आलेली वस्तू आहे, ती परत टाकून द्या. भगवान बुद्धांनी आपल्याच मळात पडलेल्या आजारी भिक्खूस आनंदाच्या साहाय्याने स्वतःच्या हातांनी धुतले. त्याने काय केले होते म्हणून हा रोग झाला, अशी चौकशी आधी केली नाही. आणि ज्यांच्यासाठी एके काळी पाणी वरून ओतले जाई त्यांच्या घरात जर आज एचआयव्ही असलेल्या सुनेचा पेला वेगळा ठेवला जात असेल, तर ते मला सांगण्यासही जड जाते. असे एक घर मी पाहिले आहे.

आता काय करावयाचे ते थोडक्यात सांगतो. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाचे ५ टक्के अपंगांवर खर्च करावेत असा आपल्या राज्यात नियम आहे. पुष्कळ ठिकाणी तो पैसा खुर्च्या-भांडी वाटण्यात संपतो. येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत उठून विचारा की त्यातून आरोग्यविषयक माहिती ऐकण्याजोगी, पाहण्याजोगी आणि हाताने चाचपण्याजोगी का करू नये. दवाखान्यातील समुपदेशनाची खोली जिना चढून असेल तर ती खाली आणण्याचा अर्ज द्या. अपंगाबरोबर तपासणीस जाल तेव्हा त्याच्या वतीने ऐकू नका. आत त्याला जाऊ द्या, आणि दुभाषा हवा असल्यास तो घरातला नसावा असा आग्रह धरा. आशाताईंना विचारा की त्यांच्या वहीत गावातील मूकबधिर स्त्रियांची नावे आहेत काय. याच जिल्ह्यात अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने खेड्यातील कमी शिकलेल्या बायकांना 'भारत वैद्य' म्हणून शिकवून उभे केले. आरोग्याचे ज्ञान साध्या बाईच्या हाती देता येते, हे तेथे दिसले. तसेच ज्ञान अपंग स्त्रीच्या हाती का देऊ नये? त्या कोळशाच्या चित्रांहून चांगले व्याख्यान मला अद्याप देता आलेले नाही.

त्या मुलीने औषध पुन्हा सुरू केले आहे. गोळीचे दिवस ती भिंतीवर सूर्य काढून मोजते.

सभा संपल्यावर ज्यांना खासगीत काही विचारावयाचे असेल त्यांनी थांबावे. भगिनींसाठी मागील खोली मोकळी ठेवली आहे. मूकबधिर बांधव आले असतील तर त्यांच्यासाठी खुणांची भाषा जाणणाऱ्या एक बाई पहिल्या रांगेत डावीकडे बसल्या आहेत. त्यांच्याजवळ पाटी आणि खडू आहे. तपासणी कोणास करावयाची असेल तर ती सरकारी केंद्रात फुकट होते आणि निकाल गुप्त राहतो. सोमवारी सकाळी आमच्यातील दोघे जिल्हा रुग्णालयाच्या दारात उभे राहतील. ज्यास एकट्याने जाण्याचे धैर्य होत नसेल त्याने त्यांच्याबरोबर जावे.